प्रभू, आता काय करू? अडचणीच्या दिवसांत शहाणपण मागताना

आमच्या घरच्या बायबलमध्ये, स्तोत्रसंहितेच्या पानांत, कॅलेंडरचं एक पान घडी घालून ठेवलेलं आहे. जुलै २०१६. पुढच्या बाजूला दुधाचे खाडे, मागच्या कोऱ्या बाजूला माझ्या अक्षरात तीन रकाने. त्या ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी आमच्या ह्यांच्या हातात कंपनीनं पत्र ठेवलं. एकवीस वर्षांची नोकरी संपली. विक्रोळीच्या घराचं निम्मं कर्ज फेडायचं होतं, मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि सासूबाईंचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू होतं.

भायखळ्याच्या एका मराठी मंडळीत मी घरभेटींचं काम करते. पाणी होतं, चहा होतो, मग ताई पदराशी चाळा करत विचारतात, ‘‘बाई, आम्ही काय करावं? देवाची इच्छा ओळखायची कशी?’’ हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. मी पाळक नाही, धर्मशास्त्राची पदवी नाही. आमच्या घरात काय चुकलं, काय उपयोगी पडलं आणि शास्त्रात त्याला आधार काय, एवढंच मांडते.

आधी, मागायचं काय ते ठरवा

संकटात माणसाला उत्तर हवं असतं. घर विकू की ठेवू, ऑपरेशन करू की नको, हो की नाही. आमच्या ह्यांनी तिसऱ्याच दिवशी दोन चिठ्ठ्या केल्या. एकीवर ‘विकावं’, दुसरीवर ‘ठेवावं’. प्रार्थना केली, बायबलवर ठेवून एक उचलली. ‘विकावं’ निघालं. पाच मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, ‘‘तीनदा काढून बघू या का?’’

मी हसले, तेही हसले. त्या आठवड्यातलं ते पहिलं हसू. पण गंमत अशी की शास्त्रातला गिदोनही असाच. देवानं काय करायचं ते त्याला आधीच सांगितलं होतं, तरी त्यानं रात्री लोकर अंगणात ठेवून खूण मागितली : लोकर दवानं भिजावी, जमीन कोरडी राहावी. खूण मिळाली, तर दुसऱ्या रात्री उलटी मागितली (शास्ते ६). खुणेनं मन भरत नाही, हे त्याच्याच गोष्टीत दिसतं. यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली हे खरं. पण ती पेंटेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवसाच्या आधीची गोष्ट. त्यानंतर प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकून काही ठरवल्याचं नव्या करारात कुठेच नाही.

याकोबाच्या पत्रातलं वचन आपल्या सगळ्यांना पाठ असतं : कुणी ज्ञानाने उणा असेल तर त्यानं ते देवाजवळ मागावं (१:५). त्याच्या वरची तीन वचनं मात्र आपण वाचत नाही. तिथे नाना प्रकारच्या परीक्षांबद्दल लिहिलंय. म्हणजे हे वचन शाळेच्या परीक्षेचं नव्हे, अडकलेल्या माणसाचं आहे. आणि इथलं ‘ज्ञान’ म्हणजे माहितीही नव्हे. जुन्या करारात त्यासाठी इब्रीत ‘होखमा’ हा शब्द आहे आणि तो कारागिरांसाठीही वापरलाय. निवासमंडप बांधणाऱ्या बसालेलाला देवानं होखमा दिली, ती सोनं, रुपं, लाकूड घडवायची (निर्गम ३१). सूत कातणाऱ्या बायकांनाही तोच शब्द (निर्गम ३५). स्तोत्र १०७ मध्ये वादळात सापडलेल्या खलाशांची होखमा संपते. कोळीवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. वादळ किती वाजता थांबेल हे तांडेलाला ठाऊक नसतं. शीड कधी उतरवायचं आणि नांगर कुठे टाकायचा हे ठाऊक असतं.

तेव्हा मागायचं ते हातातलं कसब. ‘पुढे काय होणार ते दाखव’ असं मागितलं की आपण ज्योतिषाकडे जाणाऱ्या शेजाऱ्यापेक्षा फार वेगळे राहत नाही. फक्त दुकान बदललेलं असतं.

जेवा, झोपा आणि आज काही ठरवू नका

ही पहिली पायरी आणि सगळ्यात कमी तुडवली जाणारी. पत्र आलं त्या रात्री दहा वाजता आमच्या घरात ठरलं होतं की घर विकायचं, नगरला गावी जायचं, मुलाला तिकडच्या कॉलेजात घालायचं. सासूबाई आतून म्हणाल्या, ‘‘आमटी गार होतेय. गाव पळून जात नाही.’’

एलीया संदेष्ट्याची गोष्ट काढून वाचा (१ राजे १९). कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय झाला आणि लगेचच राणीच्या धमकीनं तो जीव घेऊन पळाला. रानात एका झुडपाखाली बसून म्हणाला, पुरे झालं, माझा प्राण घे. देवानं त्याला काय दिलं? उपदेश नाही, दर्शन नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. तो जेवला, झोपला. दूतानं पुन्हा उठवून जेवायला घातलं. चाळीस दिवस चालून गेल्यावर कुठे देव मंद वाणीनं त्याच्याशी बोलतो तो प्रसंग येतो. आपण प्रवचनात थेट मंद वाणीवर उडी मारतो आणि भाकर विसरतो.

संत इग्नेशियस लोयोला (१४९१ ते १५५६), म्हणजे जेसुइट संघाचे संस्थापक, मुंबईकरांना झेवियर्स कॉलेजमुळे जवळचे. त्यांनी आध्यात्मिक साधनेचे नियम लिहून ठेवले आहेत, त्यांतला एक असा : मन कोरडं, अंधारलेलं असताना आधी केलेला निश्चय बदलू नका. मी प्रोटेस्टंट घरातली, पण हा नियम मी सगळ्यांना सांगते.

अर्थात सगळंच थांबवता येत नाही. अतिदक्षता विभागाबाहेर डॉक्टर संमतीपत्र घेऊन उभे असतील तर ‘तीन दिवस प्रार्थना करतो’ म्हणणं हा विश्वास नव्हे. म्हणून एवढंच करा : समोरच्या प्रत्येक निर्णयापुढे तारीख लिहा, हा कधीपर्यंत घ्यायलाच हवा? आमच्या यादीत सात निर्णय होते. त्या आठवड्यात घ्यायलाच हवा असा एकच निघाला : मुलाच्या फीचा हप्ता. बाकी सहा उगाच उशाशी येऊन बसले होते.

आणि एलीयासारखं ‘प्राण घे’ मनात येत असेल, स्वतःच्या किंवा घरातल्या कुणाच्या, तर ती एकट्यानं प्रार्थना करत बसायची वेळ नाही. त्या रात्री एकटं राहू नका, जवळच्या माणसाला उठवा. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते, मराठीतही बोलता येतं. डॉक्टरांकडे जाणं म्हणजे विश्वास कमी पडणं, असं तुम्हाला कुणी मंडळीत सांगितलं तर त्यांना एलीयाची भाकर दाखवा.

गाऱ्हाणं घाला

कोकणात देवापुढे गाऱ्हाणं घालतात, मोठ्यानं, सगळ्यांच्या देखत. आपल्याला ख्रिस्ती म्हणून वाटतं की आपण फक्त उपकारस्तुती करायची. ‘‘कसे आहात?’’ ‘‘प्रभूच्या कृपेने बरं आहे.’’ आणि बाहेर पडल्यावर जिन्यात डोळे पुसायचे.

दीडशे स्तोत्रांपैकी तिसरा हिस्सा तरी गाऱ्हाण्यांचा आहे. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत चार वेळा तोच प्रश्न येतो : कोठवर? अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी एकही दिलाशाचा शब्द नाही, आणि तरी ते आपल्या शास्त्रात आहे. कुणीतरी ते गाळून टाकलं नाही, याचं मला फार मोल वाटतं.

रोज एक गाऱ्हाण्याचं स्तोत्र मोठ्यानं वाचा. १३, ४२, ७७, ८८, १४२. घरात जागा नसेल तर गच्चीवर जा. नंतर स्वतःच्या शब्दांत पाच ओळी, शुद्धलेखन न बघता. मी लिहिलं होतं, ‘‘देवा, एकवीस वर्षं हा माणूस सात सत्तावीसची लोकल पकडत होता, तुला दिसलं नाही का?’’ ते लिहिल्यावर राग गेला नाही. पण तो सासूबाईंवर आणि मुलावर निघायचा थांबला. गाऱ्हाणं योग्य दारात घातलं की शेजारची दारं वाचतात.

कागदावर उतरवा

आता ते कॅलेंडरचं पान. हे मी नहेम्याकडून शिकले, म्हणजे परक्या देशात पारसच्या राजाच्या सेवेत असलेल्या एका यहुदी माणसाकडून.

यरुशलेमेची भिंत पडल्याचं त्याला किसलेव महिन्यात कळलं. तो रडला, उपास केला, प्रार्थना केली. राजासमोर तोंड उघडलं ते निसान महिन्यात, म्हणजे साधारण चार महिन्यांनी. आणि उघडलं तेव्हा मागण्या तयार होत्या : रजा किती दिवसांची, कोणत्या सुभेदारांना पत्रं, वनाच्या अधिकाऱ्याकडून लाकूड. यरुशलेमेत पोचल्यावर तीन दिवस गप्प. मग रात्री थोडी माणसं आणि एकच जनावर घेऊन, कुणाला न सांगता, पडकी भिंत फिरून पाहिली. एके ठिकाणी तर जनावर जाईल एवढीही वाट नव्हती. नहेम्या १ आणि २ एका बैठकीत वाचा. प्रार्थना आणि पाहणी यांत त्याला कुठे भांडण दिसत नाही. येशूनंही बुरूज बांधणाऱ्याला आधी बसून खर्चाचा हिशेब करायला सांगितलंय (लूक १४:२८).

पानाचे तीन रकाने करा. पहिला ‘ठाऊक आहे’, दुसरा ‘भीती आहे’, तिसरा ‘लोक म्हणतात’. मनात जे येईल ते योग्य रकान्यात घाला. आमच्या पानावर पहिल्या रात्री ‘ठाऊक आहे’खाली फक्त चार ओळी होत्या. ‘भीती आहे’चा रकाना भरून समासात चढला होता. तिसऱ्यात नणंदेचं, मामांचं, मंडळीतल्या दोघांचं आणि सोसायटीच्या सेक्रेटरीचं मत. बघितल्यावर ह्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, ‘‘म्हणजे आपण चार ओळींवर घर विकायला निघालो होतो.’’

मग पुढचे दहा दिवस एकच काम, पहिला रकाना वाढवायचा. कर्जाचं स्टेटमेंट आणलं. मुद्दल आम्ही समजत होतो त्याहून कमी निघालं. भविष्य निर्वाह निधीत किती आहे ते बघितलं. बँकेत हप्ता चुकायच्या आधी जाऊन बसलो. ‘आधी’ हा शब्द महत्त्वाचा. चुकल्यावर गेलं की बोलणं वेगळ्या सुरात होतं. डायलिसिसचं तर मला लाज वाटते सांगायला. दोन वर्षं आम्ही पूर्ण पैसे भरत होतो आणि कधी विचारलंच नव्हतं. महाराष्ट्रात धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. रुग्णालयात समाजसेवा विभाग असतो, तिथे उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन विचारायचं असतं. सरकारी आरोग्य योजनेत आपला आजार बसतो का, तेही तिथेच कळतं. परळच्या फुटपाथवर पथारी टाकून बसलेल्या नातेवाईकांना हे मी सांगते तेव्हा निम्म्यांना ते नवं असतं. हे सांगणं ही मला प्रार्थनेहून कमी सेवा वाटत नाही.

दुसऱ्या रकान्यातली प्रत्येक भीती प्रश्न करून पहिल्याकडे पाठवता येते. ‘मुलाचं शिक्षण सुटेल’ ही भीती. ‘फी तीन हप्त्यांत घेतील का?’ हा प्रश्न. प्रश्न घेऊन कॉलेजात जाता येतं, भीती घेऊन जाता येत नाही. काही भीतींचा मात्र प्रश्न होत नाही. ‘आई जातील’ ही तशी. ती त्याच रकान्यात राहू द्या. ती फक्त प्रार्थनेत न्यायची.

मागा, पण थोडक्यात

शलमोन राजानं देवाजवळ मागितलं ते आपण ‘ज्ञान’ म्हणतो, पण मूळ शब्द आहेत ‘ऐकणारं हृदय’ (१ राजे ३:९). मला ते जास्त आवडतं. आणि याकोब म्हणतो की देव दोष न लावता देतो. ‘आता आलास होय रे माझ्याकडे’ असं तो म्हणत नाही. आपण मोठी माणसं असं म्हणतो, म्हणून देवही म्हणेल असं वाटत राहतं.

यहोशाफाट राजाची प्रार्थना लोकलमध्ये, रांगेत, लिफ्टची वाट बघताना म्हणता येते : काय करावं ते आम्हाला कळत नाही, पण आमचे डोळे तुझ्याकडे लागले आहेत (२ इतिहास २०:१२). एवढीच. कुणाला लांब हवी असेल तर तीन वाक्यांची करा : मला काय हवंय ते खरं खरं सांगा, मला कशाची भीती वाटते ते सांगा, आणि ‘तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको’ म्हणा. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनं हा क्रम पाळला, आधी ‘हा प्याला दूर कर’ आणि मग ‘तुझ्या इच्छेप्रमाणे’. आपण पहिलं वाक्य गिळून थेट दुसऱ्यावर जातो आणि त्याला समर्पण म्हणतो.

‘संशय न धरता मागावं’ याची बऱ्याच जणांना धास्ती असते. मनात शंका आली तर प्रार्थना बाद? तिथला द्विबुद्धीचा माणूस म्हणजे, मला वाटतं, ज्याला देवाचं उत्तर पटलं तरच ऐकायचं आहे तो. आमच्या चिठ्ठ्यांसारखा.

वचन वाचताना

डोळे मिटून बायबल उघडायचं, बोट ठेवायचं आणि तिथलं वचन आजचा हुकूम मानायचा, ही सवय सोडा. यिर्मया २९:११ आपल्या निम्म्या घरांत फ्रेममध्ये असतं. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. पण हा अध्याय म्हणजे बाबेलला बंदिवान करून नेलेल्या लोकांना यिर्मयानं पाठवलेलं पत्र, आणि फ्रेमच्या बाहेर राहिलेलं दहावं वचन म्हणतं की बाबेलची सत्तर वर्षं भरल्यावर. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतले बहुतेक परत जाणारच नव्हते. त्यांना सांगितलं काय, तर घरं बांधा, बाग लावा, लग्नं करा आणि ज्या परक्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. नगर, जालना, सोलापूरकडून पोटासाठी मुंबईत आलेल्या आपल्या घरांना हे अकराव्या वचनापेक्षा जास्त लागू पडतं, असं माझं मत आहे. त्या महिन्यात ‘गावी जाऊ’ हा विचार मागे पडला तो याच अध्यायानं, पण एका बोटानं नव्हे. चार वेळा पूर्ण वाचल्यावर.

नीतिसूत्रांचे एकतीस अध्याय आहेत, रोज तारखेचा एक वाचा. सव्विसाव्या अध्यायात चौथं वचन म्हणतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, पाचवं म्हणतं दे. चूक नाही ती. कधी कोणतं, हे ओळखणं म्हणजेच शहाणपण. आणि नीतिसूत्रांच्या जोडीला ईयोब वाचाच, निर्दोष असून सगळं गमावलेल्या माणसाचं पुस्तक. नाहीतर ‘नीट वागलं की सगळं नीट होतं’ या हिशेबात आपण स्वतःलाच गुन्हेगार ठरवतो.

कुणाला विचारायचं आणि कुणाला नाही

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण जास्तीत जास्त घोटाळे इथेच होतात.

लोकांनी ‘आमचं ओझं हलकं करा’ म्हटल्यावर रहबाम राजानं उत्तरासाठी तीन दिवस मागितले, इथवर ठीक. वडीलधाऱ्यांना विचारलं, त्यांनी सौम्य उत्तर द्यायला सांगितलं. ते आवडलं नाही म्हणून बरोबरीच्या पोरांना विचारलं आणि राज्य दुभंगलं (१ राजे १२). आवडतं उत्तर मिळेपर्यंत विचारत फिरणं याला सल्लामसलत म्हणत नाहीत.

तीन माणसं पुरतात. एक विषय जाणणारा, तो विश्वासणारा असलाच पाहिजे असं नाही. आमच्यासाठी तो बँकेतून निवृत्त झालेला शेजारी होता, सकाळी देवपूजा केल्याशिवाय चहा न घेणारा, आणि त्याच्याइतका सरळ सल्ला आम्हाला कुणी दिला नाही. दुसरा तुम्हाला जाणणारा, तुमची खोड ठाऊक असलेला. ह्यांच्या धाकट्या भावानं स्पष्ट सांगितलं, ‘‘दादा, तू घर विकतोयस कारण सोसायटीत तोंड दाखवायची तुला लाज वाटतेय.’’ ते लागलं. खरं होतं म्हणून लागलं. तिसरा, त्याच वाटेनं आधी गेलेला. गिरणगावात १९८२ चा संप पाहिलेली माणसं आमच्या मंडळीत होती. त्यांतल्या एका आजोबांनी ह्यांना जवळ बसवून घेतलं आणि फक्त एवढं सांगितलं, ‘‘घरी बसू नको. रोज त्याच वेळेला घराबाहेर पड.’’

विचारताना दोन्ही बाजू सांगा. पहिला बोलणारा खरा वाटतो, दुसरा येऊन तपासेपर्यंत, असं नीतिसूत्रे १८:१७ मध्ये आहे. आपण आपलीच बाजू सांगून सल्ला घेतो आणि मग सल्ल्याला दोष देतो. पाळकसाहेबांकडे जाताना प्रश्न एका वाक्यात लिहून न्या आणि ‘हे आपल्यातच राहू द्या’ असं तोंडानं म्हणा. गृहीत धरू नका. प्रार्थनेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘अमुक भावांची नोकरी गेली आहे, प्रार्थनेत आठवण ठेवा’ असं गेलं की रविवारपर्यंत ते अंधेरीपासून कल्याणपर्यंत पोचतं. आमचं पोचलं होतं.

ज्यांच्या घरी तुम्ही सांत्वनाला जाता त्यांच्याविषयी एक. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, कुणी एक शब्द बोललं नाही. त्यांनी केलेलं तेवढंच चांगलं. तोंड उघडलं आणि बिघडलं.

आता ‘देवानं मला तुमच्याविषयी दाखवलंय’ म्हणणाऱ्यांबद्दल. तिसऱ्या आठवड्यात एका प्रार्थनासभेत एक बाई माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या की घराला हात लावू नका, आठ दिवसांत दुप्पट मिळेल. पुढच्याच बुधवारी त्यांचे एक परिचित योजना घेऊन घरी आले, निर्वाह निधीचे पैसे गुंतवायला. ‘‘विश्वासणाऱ्यांसाठीच आहे, बाहेर बोलू नका, शनिवारपर्यंतच,’’ असं म्हणाले. माझा हात पासबुकाकडे गेला होता, हे मी कबूल करते. सासूबाईंनी विचारलं, ‘‘देवाला शनिवारची कसली घाई?’’

भविष्यवाणी तुच्छ मानू नका, पण सगळ्याची पारख करा, असं पौल एका दमात म्हणतो (१ थेस्सलनी ५). पारख करायला याकोब ३:१७ घ्या. वरून येणारं ज्ञान शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य, ऐकून घेणारं, दयेनं भरलेलं असतं. सल्ल्यात घाई, गुप्तता, धाक किंवा पैसा आला, किंवा औषध बंद करायला सांगितलं, की तिथून उठा. चपला घालताना कारण द्यायचीही गरज नाही.

आणि मेणाच्या आकृत्यांबद्दल कॅथलिक मैत्रिणी विचारतात म्हणून सांगते. सप्टेंबरात वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचं घर, मेणाचा पाय, मेणाचं बाळ विकत मिळतं. बुधवारी माहीमच्या चर्चमधल्या नोव्हेनाच्या प्रार्थनेला तर सगळ्या धर्मांची माणसं रांग लावतात. माझी वाट ती नाही, पण त्या रांगेला हसणारीही मी नाही. मेणाचं घर हातात घेऊन अर्धा तास उभं राहिलेल्या माणसाला निदान नेमकं काय मागायचंय हे कळलेलं असतं. फक्त तिथून उतरल्यावर कागदही करा.

पाऊल लहान टाका

निर्णयाच्या आधी मनाला शांती वाटलीच पाहिजे असं आपल्याकडे शिकवतात. गेथशेमानेत घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता आणि निर्णय बरोबर होता. शांती कधी नंतर येते.

पौलाला आशियात जायचं होतं, वाट बंद. बिथुनियाकडे वळला, तीही बंद. मग त्रोवसात रात्री मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टांत झाला (प्रेषितांची कृत्ये १६). म्हणजे पौलसुद्धा दोन बंद दारं ढकलून तिसऱ्यावर पोचला, आणि त्या दोन दारांना कुणी त्याचं पाप म्हटलं नाही.

तेव्हा मागे फिरता येईल असं पाऊल आधी. घर विकण्याआधी एक खोली भाड्यानं द्यायचा हिशेब करा. राजीनाम्याआधी रजा. पुढे तारीख लिहा, तीन महिन्यांनी पुन्हा बसू. आम्ही ठरवलं ते असं : घर ठेवायचं, माझे दागिने तारण ठेवायचे आणि ह्यांनी भिवंडीला एका गोदामात स्टोअरकीपरचं काम धरायचं, निम्म्या पगारावर. फार मोठा चमत्कार नव्हे. विक्रोळीहून भिवंडीला जाऊन येण्यात दिवसाचे साडेतीन तास जात.

उत्तर आलंच नाही तर

कधीकधी येत नाही. पौलानं आपल्या शरीरातला काटा, म्हणजे कसलीशी पीडा, जावी म्हणून तीनदा विनंती केली, काटा राहिला. ईयोबाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात माणूस खाणीत खोल उतरून रुपं शोधतो, शहाणपण मात्र त्याला सापडत नाही, आणि त्या पुस्तकाच्या अखेरीसही ईयोबाला ‘का’ कळत नाही.

आपल्या मराठी माणसांचंच बघा. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. नवरा धर्म बदलून गेला म्हणून त्यांनी लगेच इकडे किंवा तिकडे उडी मारली नाही. काही वर्षं वेगळ्या राहिल्या, परत आल्या तेव्हाही आपलं सोवळं घेऊन आल्या, आणि मन तयार झालं तेव्हा, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पंडिता रमाबाईंनी आईवडील दुष्काळात गमावले, नवरा लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच गेला, आणि १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्या दिवसांत त्या केडगावला बायबलचं मराठी भाषांतर पुरं करत बसल्या होत्या. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. मनोरमा का गेली, याचं उत्तर त्यांना मिळालं असेल असं मला वाटत नाही. पुढचं वचन कसं उतरवायचं ते त्यांना रोज मिळत होतं.

घर ठेवलं ते बरोबर की चूक, हे आम्ही अजून अधूनमधून बोलतो. कर्ज २०२३ मध्ये फिटलं. मुलाला नोकरी लागली, ती पुण्यात. सासूबाई २०१८ च्या पावसाळ्यात गेल्या. शेवटच्या महिन्यांत ह्यांना भिवंडीहून यायला उशीर व्हायचा आणि त्या दाराकडे बघत राहायच्या. मोठा पगार, जवळची नोकरी धरली असती तर? ठाऊक नाही.

गेल्या रविवारी स्तोत्र वाचताना ते पान पुन्हा उघडलं. दुसऱ्या रकान्यातल्या जवळजवळ सगळ्या ओळी मी त्या वर्षीच खोडल्या होत्या. ‘आई जातील’ ही तशीच आहे. तिच्यापुढे, कधी लिहिलं ते आम्हाला दोघांनाही कळलं नाही, सासूबाईंच्या थरथरत्या अक्षरात पेन्सिलनं लिहिलंय : ‘‘जाणारच. आधी जेवून घ्या.’’